सातव्या माळेची स्लाइड

माणसाचं रक्त लाल असतं ही अफवा आहे. एक थेंब काचेवर घ्या, दुसऱ्या काचेच्या कडेनं तो झरकन पुढे ओढा, वाळू द्या, त्यावर जांभळा रंग ओता, धुवा, तेलाचा एक ठिपका टाका आणि शंभराच्या भिंगाखाली बघा. फिकट गुलाबी आभाळात जांभळे ढग दिसतील. हे आभाळ मी चौतीस वर्षं पाहिलं. पाहिलेल्या सगळ्या काचा एकापुढे एक मांडल्या तर त्यांच्यावरून देवासहून धारला चालत जाता येईल, वाटेत इंदूरला पोहे खाता येतील आणि उरलेल्या काचांवरून मांडूचा घाट चढून संध्याकाळी घरी परतता येईल. बायको म्हणते, "काहीतरी बोलता. फार तर उज्जैन नाक्यापर्यंत." तिला काय ठाऊक, तिनं फक्त माझे डबे भरले.

मी मूळचा धारचा. आमच्याकडे आजोबांपर्यंत सगळे दरबारी कारकून, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या सहीसाठी बिनचूक लिहिणारे. मी तेच केलं, फक्त दरबारच्या फडाऐवजी देवासच्या एका खासगी रुग्णालयाच्या लॅबमध्ये बसून. वर्षभराचा डिप्लोमा, एक पांढरा कोट आणि दोन डोळे, एवढ्या भांडवलावर लागलो. कोट तीनदा बदलला. डोळे तेच आहेत, आणि परवाच डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून "कमाल है" म्हटलं. (ते चष्म्याच्या नंबराबद्दल म्हणाले, पण शब्द तोच.)

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक फार गमतीचं असतं. सरदारपूरकडचा एक शेतकरी दोन दिवस खिडकीशी अडून बसला, "भिया, म्हारो खून म्हके भी देखणो है." शेवटी बसवला भिंगापुढे. त्याच्या पोटात जंत होते, आणि जंत असले की रक्तात एका खास जातीच्या पेशी वाढतात, ज्यांच्या पोटात भगव्या रंगाचे दाणे ठासून भरलेले असतात. बघून तो ओरडला, "अरे, यो सिपाही तो संतरा खई ग्यो!" पुढे त्यानं ती काच मागून नेली आणि देवघरात ठेवली म्हणे. मी पाहायला गेलो नाही, पण गोष्ट इतकी चांगली आहे की खोटी असूच शकत नाही.

शिपाई हा शब्द त्यानं बरोबर वापरला. पुढचं समजायला ही शिपायांची भानगड थोडी सांगावी लागेल, आणि ती देवासच्या माणसाला जितकी लवकर कळते तितकी दिल्ली-मुंबईच्या प्रोफेसरांना कळत नाही. कारण देवास गाव एक, पण राज्यं दोन होती. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या बाजूचा शिपाई एका महाराजांचा, त्या बाजूचा दुसऱ्या. शरीरात अगदी हीच व्यवस्था आहे.

थोरल्या पातीचे शिपाई नाक्यावर उभे असतात. ते कुणाला नावानं ओळखत नाहीत. जंतूंच्या अंगावर एक ठराविक तऱ्हेचा डगला असतो, त्याच्या नुसत्या चिंधीचा वास आला तरी हे धावतात. आणि त्यांची दुसरी एक खुबी आहे, जी मला फार आवडते. विष डोळ्यांना दिसत नाही, तसं ते शिपायालाही दिसत नाही. पण काही जंतूंचं विष पेशीच्या भिंतीला भोक पाडतं आणि त्या भोकातून आतला क्षार बाहेर गळू लागतो. शिपायाला ही गळती कळते. चोर दिसला नाही तरी तुटलेली कडी दिसली की घरमालक बोंब मारतो ना, तसं. प्रसंगी तो शिपाई स्वतःला फोडून घेतो, पण मरताना शेजाऱ्यांना हाक देऊन मरतो.

धाकटी पाती दफ्तरवाली. तिथल्या प्रत्येक शिपायाला फक्त एकच चेहरा ओळखता येतो, आयुष्यभर एकच. म्हणून थोरलीचा शिपाई मारलेल्या शत्रूचा एक तुकडा तबकात घेऊन हद्दीवर येतो आणि एकेकाला दाखवतो, "हा तुझा का? हा तुझा का?" लाखात एखादा म्हणतो, "होय, हाच." तो उठतो. बाकीचे बसून राहतात. ही बसून राहणारी मंडळी फार महत्त्वाची. ती बसलेली आहेत म्हणून आपण उभे आहोत.

आता शिपाई लढाईत आहे की सुखात आहे, हे काचेवर दिसतं. सुखातल्या शिपायाच्या पोटात खसखशीसारखे बारीक, फिकट दाणे असतात. जंतूंशी जुंपली की हाडांतल्या मज्जेला, जिथे शिपाई घडतात, घाई होते, अर्धकच्चे शिपाई पाठवावे लागतात. मग दाणे मोहरीसारखे जाड, काळपट जांभळे होतात. पेशीला अनारशासारखी जाळी पडते. आणि शिपायाचा गाभा, जो एरवी तीन-चार मण्यांची माळ असतो, तो घोड्याच्या नालासारखा अखंडच राहतो, कारण मणी घडवायला वेळ कुठे मिळाला? ही खूण दिसली म्हणजे विषच आहे असं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. गरोदरपणातही थोडे दाणे जाड होतात, एखाद्या औषधानंही होतात. पण दाणे, जाळी आणि नाल, तिन्ही एकदम दिसले तर हात बांधून बसायचं नसतं.

मी एकदा बसलो होतो.

नालछ्याची बाई होती, घरी बाळंत झालेली. तिसऱ्या दिवशी आणली. काचेवर तिन्ही खुणा होत्या, इतक्या स्वच्छ की पाठ्यपुस्तकात छापाव्यात. मी रिपोर्टच्या तळाशी ठरलेल्या शब्दांत लिहिलं, खाली ठेवलं आणि जेवायला गेलो. तो कागद वर फाइलीत गेला. त्या तळाच्या ओळीवर कुणाचा डोळा पडला नाही. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा मृत्यूच्या दाखल्यासाठी आमच्याच खिडकीशी येऊन उभा राहिला, चुकीच्या खिडकीशी, आणि मी त्याला बरोबर खिडकी दाखवली. नोकरीच्या हिशेबानं माझं काहीच चुकलं नव्हतं. लिहिलं होतं. तिथून वॉर्डापर्यंत बावीस पायऱ्या होत्या, तेवढ्या चढलो नव्हतो, इतकंच. या प्रकरणात मी मीठमसाला लावत नाही.

त्यानंतर लॅबमध्ये मशीन आलं. त्याचं नाव आम्ही जावई ठेवलं. एसी जावयाला, पंखा आम्हाला. लाइट कमी-जास्त झाली की जावई रुसणार, त्याला पाणी खास, साबण खास. पण कामाला वाघ. मिनिटाभरात रक्तातल्या पेशी मोजून कागद हातात. त्याला काही संशयास्पद वाटलं तर आकड्यापुढे एक तारा छापायचा, म्हणजे "काच करून बघा." पण तारे फार येऊ लागले. पेशंट विचारत, "ये स्टार काहे का?" तेव्हा मॅनेजर शर्माजींनी कंपनीच्या माणसाला बोलावून तारे छापणंच बंद करवलं. मी म्हटलं, "शर्माजी, कुत्रा फार भुंकतो म्हणून तोंड बांधलंत, आता चोरांना आमंत्रणपत्रिका कधी पाठवता?" ते म्हणाले, "काका, आप बहुत बोलते हो." हे निरीक्षण अचूक होतं.

आणि आता सातवी माळ.

नवरात्रातले दिवस. टेकडीवर थोरल्या आणि धाकट्या देवीला गर्दी, गावभर भजनं, आणि रुग्णालयभर डेंग्यू. तापाचा प्रत्येक माणूस डेंग्यूचाच. त्या सकाळी वहिनीसाहेबांना दाखल केलं. वहिनीसाहेब म्हणजे इथल्या एका जुन्या मराठा सरदार घराण्यातल्या सूनबाई. वय पन्नाशीचं, शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि आवाज असा की प्रार्थनेला घंटा लागत नसे. त्यांचे यजमान दादासाहेब माझे बुद्धिबळातले जुने वैरी. माणूस शांत, बायकोच्या शब्दाबाहेर प्यादंसुद्धा न हलवणारा. ते खिडकीशी येऊन म्हणाले, "पंत, जरा लक्ष ठेवा हो. काल रात्रीपासून ताप, उलट्या. सकाळी उभ्या राहिल्या नि कोसळल्या. डॉक्टर म्हणतात डेंग्यू."

जावयाचा कागद आला. पांढऱ्या पेशी साधारण. प्लेटलेट पडलेल्या. डेंग्यूच्या झटपट तपासणीचं कार्ड निगेटिव्ह, पण कार्ड कधी कधी चुकतं, त्यामुळे डॉक्टर नीलेशना मी तेवढ्यावरून मूर्ख म्हणणार नाही. तरुण, हुशार, दिवसाला शंभर पेशंट बघणारा माणूस. त्यानं डेंग्यूच्या दिवसांत डेंग्यू पाहिला.

पण माझा एक नियम होता. प्लेटलेट पडल्या की काच ओढायची. शर्माजींनी "टाइम वेस्ट" म्हणून तो रद्द केला होता, तेव्हापासून मी जास्तच कसोशीनं पाळत होतो. वहिनीसाहेबांची काच भिंगाखाली घातली आणि माझा चहा गार झाला. डेंग्यूत पांढरे शिपाई कमी होतात आणि धाकट्या पातीचे काही जण फुगून बेढब दिसतात. इथे तसलं काही नव्हतं. इथे नालच नाल. अख्खं घोडदळ निघालं होतं. मोहरी, अनारसे, नाल, तिन्ही. जावयानं डोकी मोजली होती, ती बरोबरच भरली. पण ती कच्च्या पोरांची डोकी होती हे जावयाला कोण सांगणार?

मी रिपोर्टच्या खाली नेहमीची ओळ लिहिली. मग पेन तसंच हातात राहिलं. आणि खाली ठळक अक्षरांत, कायद्यानं मला लिहायचा अधिकार नसलेलं वाक्य लिहिलं : "डेंग्यूशी जुळत नाही. अंगावर कुठे जखम, पू, बांधलेलं काही आहे का ते ताबडतोब शोधावं."

शर्माजींनी कागद वाचला आणि ते खुर्चीतून उठले. हे वर्षातून दोनदाच घडतं, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला.

"काका, ये क्या लिखा है? आप टेक्नीशियन हो. ओपिनियन देना डॉक्टर का काम है."

"तो डॉक्टर से दिलवा दो. मैं तो बस याद दिला रहा हूँ."

"ये लाइन काटो. नहीं तो रिपोर्ट ऊपर नहीं जाएगी."

"ठीक है," मी म्हटलं, "रिपोर्ट नहीं जाएगी. मैं जाता हूँ."

आणि कागद हातात घेऊन बावीस पायऱ्या चढलो. लोक सांगतात मी दोन-दोन पायऱ्या एकदम चढलो. मी सांगतो तीन-तीन.

वॉर्डात वहिनीसाहेबांना पाहिलं. चेहरा, गळा, छाती लालभडक, जणू मे महिन्यात दिवसभर उन्हात शेतात उभ्या होत्या. रक्तदाब इतका खाली की सिस्टर रेखा पट्टा तिसऱ्यांदा बांधत होती. दादासाहेब पायाशी उभे, बायकोच्या चपला हातात धरून. त्या खाली ठेवायचंही त्यांना सुचत नव्हतं.

डॉक्टर नीलेशना कागद दिला. ते वैतागले. "काका, पूरी बॉडी देखी है मैंने. कोई घाव नहीं है."

"हाथ देखे?"

"हाथ में क्या है?"

वहिनीसाहेबांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना हिरव्या खणाची पट्टी घट्ट गुंडाळलेली होती, वरून हळदकुंकू. सिस्टरनं हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. "सर, वो माता का है. मैंने नहीं छेड़ा." सकाळपासून तीन जणांनी ती पट्टी पाहिली होती आणि तिघांनीही नमस्कार केला होता.

दादासाहेबांना विचारलं, तेव्हा कळलं. दुसऱ्या माळेला नंदादीपाची वात सारताना बोटं भाजली होती. त्यांच्या घरचा रिवाज असा की घट बसल्यावर देवीपुढे काही लागलं-भाजलं तर देवीच्या गेल्या वर्षीच्या खणाची पट्टी बांधायची, आणि ती दसऱ्याला घट उठल्यावरच सोडायची. मध्ये सोडली तर नवरात्र मोडतं.

इथे ते विष काय करतं, ते सांगायला हवं. आपल्या नाकात, कातडीवर एक जंतू राहतो, घडानं राहतो, द्राक्षांसारखा. एरवी निरुपद्रवी. पण बंद, ओल्या, भाजक्या जागी कोंडला की त्याच्या काही जाती एक विष गाळतात. ते विष तबकात चढतच नाही. ते थोरल्या शिपायाचं मनगट आणि धाकट्याचं मनगट बाहेरून धरतं आणि एकमेकांना बांधून टाकतं. धाकट्याला वाटतं, मला माझा चेहरा दाखवला! चेहरा कुणी पाहिलेलाच नाही. मग लाखात एक उठायचा तिथे पाचातला एक उठतो, आणि सगळे एकदम ओरडायला लागतात. त्या ओरडण्यानं रक्तवाहिन्या गळतात, दाब कोसळतो. मोठेपणी बहुतेकांच्या रक्तात या विषावरचा उतारा तयार असतो. काहींच्या नसतो. जखम मटाराएवढी आणि माणूस मरणाच्या दारात. शत्रू मारत नाही हो, आपल्याच दोन पात्यांची दंगल मारते. देवासकरांना आणखी काय समजावून सांगू?

डॉक्टर नीलेश म्हणाले, "खोलो इसको."

वहिनीसाहेबांनी डोळे उघडले. "कुणी हात लावायचा नाही." आवाज खोल गेलेला, पण मुख्याध्यापिकेचाच.

"मॅडम, ज़रूरी है."

"दसऱ्याला. आज सातवी माळ आहे. समजलात?"

डॉक्टरांनी दादासाहेबांकडे पाहिलं. दादासाहेबांनी माझ्याकडे. चपला अजून हातात. ते हळूच म्हणाले, "पंत, मी सांगितलं तर ऐकायच्या नाहीत. आणि जबरदस्ती केली तर वाचल्या तरी मला जन्मभर... तुम्ही बोला."

विज्ञानावर मी तीन तास बोलू शकतो. तिथे तीन मिनिटंही नव्हती, आणि त्या बाईला विज्ञान शिकवणं म्हणजे तिच्याच शाळेत तिला छडी मारणं. मी खाटेजवळ गेलो.

"वहिनीसाहेब, एक विचारतो. सोवळ्यातल्या खणाला पू लागला तर तो सोवळ्यात राहतो का?"

त्यांनी रागानं पाहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे आपण धर्म जाणता, मी काय, रक्त-लघवी तपासणारा माणूस. पण वास येतोय. माझ्या नाकाला चौतीस वर्षांची सवय आहे. या खणाच्या आत पू आहे. पुवानं भरलेला खण देवीचा म्हणून अंगावर ठेवणं, तेही ऐन नवरात्रात... आमच्या घरी आजीनं घराबाहेर काढलं असतं."

वास येत नव्हता. खरंच सांगतो, काडीचा येत नव्हता. थाप मारली. आयुष्यात मारलेल्या थापांत ही सगळ्यांत लहान, आणि बाकीच्या सगळ्या हिच्या तालमीसाठी मारल्या असं मी आता मानतो.

त्यांनी बोटं नाकाशी न्यायचा प्रयत्न केला, हात उचलेना.

"ओवळा झाला असेल तर," त्या पुटपुटल्या, "विसर्जन करावा लागेल. नवा बांधावा लागेल."

"अगदी. नवा खण मी स्वतः आणतो. थोरल्या देवीचा की धाकट्या?"

"चावटपणा नको, पंत. थोरल्या." आणि मग दादासाहेबांकडे बघून म्हणाल्या, "अहो, चपला काय धरून बसलात? पाणी आणा. खण वाहत्या पाण्यात सोडायचा, गटारात नाही."

सिस्टरनं पट्टी कापली. आत फार काही नव्हतंच. दोन बोटांमध्ये एक पांढुरकी, ओलसर जागा, मटाराएवढी. कुणी म्हणालं असतं, एवढ्यासाठी एवढा तमाशा? डॉक्टर नीलेशनी मात्र मी दिलेला कागद पुन्हा वाचला आणि भराभर हुकूम सोडू लागले. जखम धुतली. सलाइन दोन्ही हातांना. औषधं बदलली : एक जंतू मारणारं आणि दुसरं जंतूंचा विषाचा कारखाना बंद पाडणारं. जखमेचा नमुना कापसावर घेऊन माझ्या हातात दिला आणि पहिल्यांदाच म्हणाले, "काका, इसका कल्चर आप ही देखना."

दोन दिवस काही सांगता येत नव्हतं. लघवी आटली होती. दादासाहेब अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून राहिले. मी जाताना त्यांना म्हणायचो, "डाव अजून चालू आहे." ते म्हणायचे, "पंत, खेळ नको आता. खरं सांगा." मी खरं सांगायचो : ठाऊक नाही. चौतीस वर्षांत मला हे वाक्य सर्वांत अवघड गेलं.

जंतू वाढवायला ठेवलेल्या नमुन्याच्या थाळीत पिवळे, सोनेरी ठिपके उगवले. भिंगाखाली घडच घड. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्ताची नवी काच केली. नाल कमी झाले होते. मोहरीची पुन्हा खसखस होऊ लागली होती. मी ती काच बशीत ठेवून, वर रुमाल झाकून डॉक्टरांकडे नेणार होतो, तोच ते स्वतः खाली आले. खुर्ची ओढून भिंगाशी बसले. बराच वेळ बघत राहिले.

"काका, कॉलेज के बाद पहली बार देख रहा हूँ."

"देखो, डॉक्टर साहब. इसका पैसा नहीं लगता."

वहिनीसाहेब दसऱ्यानंतर घरी गेल्या. पंधरवड्यानं हातापायांची कातडी सापाच्या कातेसारखी सोलवटून निघाली, हीसुद्धा त्या विषाचीच निशाणी. तीही त्यांनी शिकवायला वापरली म्हणे, सातवीच्या वर्गाला दाखवून.

आता श्रेय. वहिनीसाहेब सर्वांना सांगतात, देवीनं वाचवलं : तिनंच पंतांच्या नाकात वास घातला. ज्या वासाची मी थाप मारली तोच देवीचा कौल ठरला, आणि खोटं कबूल करायचं धाडस मला झालं नाही. (आज करतोय. वहिनीसाहेब, माफ करा.) डॉक्टर औषधांना श्रेय देतात, ते बरोबरच आहे. शर्माजींनी नव्या जाहिरातीत मशीनचा फोटो टाकला. माझ्या वाट्याला नोटीस आली.

नोटीस हिंदीत होती. तंत्रज्ञानं मर्यादा ओलांडली, वरिष्ठांची आज्ञा मोडली, रिपोर्टवर वैयक्तिक मत लिहिलं, लेखी खुलासा द्यावा. खाली आधीच टाइप केलेली ओळ, की यापुढे असं होणार नाही, आणि सहीसाठी रिकामी जागा.

"काका," शर्माजी म्हणाले, "साइन कर दो. फॉर्मेलिटी है. रिटायरमेंट में छह महीने बचे हैं, काहे को टेंशन?"

त्या क्षणी मला काय वाटलं हे सांगताना मी थोडं वाढवून सांगणार, हे तुम्हाला कळलं असेलच. वाटलं, सगळ्या बावीस पायऱ्या माझ्याकडेच बघतायत. माफी मागायची होती, नाही असं नाही. पण ती ज्या माणसाची मागायची होती त्याला मी बरोबर खिडकी दाखवून बसलो होतो, आणि त्याचा पत्ता शर्माजींच्या कागदावर नव्हता.

मी जांभळ्या रंगाची दौत जवळ ओढली. काचा रंगवायची तीच. सहीच्या जागी काडीनं एक पेशी काढली : जाड दाणे, जाळी, घोड्याचा नाल. शेजारी दुसरी काढली : बारीक दाणे, चार मण्यांची माळ. पहिलीखाली सातव्या माळेची तारीख, दुसरीखाली तिसऱ्या दिवसाची.

"ये क्या है?" शर्माजींनी विचारलं.

"खुलासा."

"और ये? माफी वाली लाइन पे साइन?"

"वो उनको भेजो जिन्होंने सुबह से पट्टी नहीं खोली," मी म्हटलं, "मेरे पास एक काँच सूख रही है."

आणि जाऊन भिंगाशी बसलो.